मलमवाल्याचा डबा

१२ नोव्हेंबर १९९८, मालेगाव

माणूस अजून हाती लागला नाय, पण त्याचा माल कुठून येतो ते कळलं. नऊ महिने लागले. वणीला तो दिसेना म्हणून दिंडोरीत विचारलं, पिंपळगावात विचारलं, ओझरच्या बाजारात दोन आठवडे हमाली करत वाट पाहिली. शेवटी वणीला चंद्रभागा म्हणून एक भेळवाली आहे, ती चुरमुरे ठेवते त्या पत्र्याच्या डब्यानं काम केलं. म्हणाली, हा शेखर मलमवाल्याचा रिकामा डबा, त्यानंच दिला. आता तो वणीला येत नाय, फेब्रुवारीपासून बंद झाला. डब्यावर निळ्या रंगात चंद्राची कोर आणि खाली मालेगावचा पत्ता.

मोसम नदीच्या पल्याड पत्र्याची शेड आहे. जैनू चाचा म्हणून म्हातारा चरबी गाळतो. मोठी कढई, खाली लाकडं, बाहेर डब्यांची थप्पी. त्याची चरबी सायझिंगला जाते, तिथं सुताला कांजी लावतात तिच्यात टाकतात, म्हणजे मागावर धागा तुटत नाय. उरलेली साबणवाल्याला जाते.

मी काम मागितलं. तो हिंदीत बोलतो, मी माझ्या भाषेत लिहितो. म्हणाला, कुठला? मी म्हणालो, सुरगाण्याकडचा. म्हणाला, ही बैलाची चरबी आहे, हात घालशील का? मी म्हणालो, घालीन.

आतून लय हसू आलं. शेखर बाजारात ओरडायचा, गाईचं तूप, जंगलातली जडीबुटी. आता मला ठाऊक आहे काय ते. नुसतं एवढं बोललो तरी बाजार त्याला उभा सोलेल. पण एवढ्यात नाय. मारलं तर चार दिवस सुजतं नि उतरतं. मला न उतरणारं काहीतरी पाहिजे.

१५ नोव्हेंबर

आज कढई थंड होती, बसून लिहितो.

मैना माझी धाकटी बहीण. सतरा वर्षांची होती. दरवर्षी भात निघालं की आम्ही दोघं दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला जायचो. आईचे गुडघे गेलेत म्हणून ती घरीच. या फेब्रुवारीत चुलीवरचं पेजेचं भांडं कलंडलं आणि मैनाचा डावा पाय घोट्यापासून खाली भाजला. भाजल्यावर करतात ते केलं. चौथ्या दिवशी वणीच्या बाजारात शेखर मलमवाल्याला पाय दाखवला. त्यानं मलम लावलं. मी विचारलं, डॉक्टरकडे सुई घ्यायला नेऊ का, मालक जीप देतो म्हणतोय. तो म्हणाला, सुई कशाला, आठ दिवसात नाचंल.

नवव्या दिवशी तिची दातखीळ बसली. मग अंग धनुष्यासारखं मागं वळायला लागलं. मालकाच्या जीपनं नाशिकला नेलं. डॉक्टर म्हणाले, धनुर्वात. लय उशीर झाला. तिसऱ्या दिवशी गेली.

आईला मी सांगितलं, मलमवाल्यानं मारली. आई तेव्हापासून रोज सकाळी त्याच्या नावानं बोटं मोडते. ती नुसती बोटं मोडते. पुढचं मला करायचं आहे.

२ डिसेंबर

काम शिकलो. शेड स्वच्छ नसेल असं वाटलं होतं, पण चाचा लय कडक. गुर्द्याभोवतीची चरबी वेगळी काढतो, ती सगळ्यात चांगली. मांसाचा धागा राहिला तर ओरडतो. बारीक तुकडे करायचे, तीन पाण्यात धुवायचे, कढईत पाणी आणि मीठ घालून बारीक आचेवर ठेवायचे. घाई केली की करपते आणि पिवळी पडते. मग फडक्यातून गाळायची. परत पाणी, परत गाळायची. तिसऱ्यांदा गाळली की थिजून पांढरी शुभ्र होते आणि वास जवळजवळ नाय. चाचा म्हणतो, चरबी वाईट नसते बेटा, तिच्यात राहिलेलं पाणी आणि रक्त वाईट. तेच सडतं.

शेवटी परीक्षा. थोडी मनगटावर आतल्या बाजूला चोळायची, चुणचुण होते का बघायचं. मग जिभेवर ठेवायची, मीठ राहिलं का, करपली का. मग थुंकायचं.

चाचा साठीचा, पण हाताला एक भेग नाय. थंडीत ओठाला पण तीच लावतो. मला पण टाचेला लाव म्हणाला. मी नाय लावली. मैनाला जिनं मारलं ती मी अंगाला लावू काय.

पण मग चाचा कसा जिवंत, असं एकदा मनात आलं. विचारलं नाय.

११ डिसेंबर

आला.

पांढरा शर्ट, केसांना तेल, सायकलच्या मागं दोरी. मी कढईजवळ होतो. हातातला झारा मी इतका घट्ट धरला की चाचानं बघितलं. शेखरनं मला ओळखलं नाय. कसं ओळखणार, त्याच्यासमोर रोज शंभर पाय येतात.

चाचाला नमस्कार केला आणि भांडायला लागला. मला वाटलं होतं, स्वस्तातला करपलेला माल मागेल. पण हा गुर्द्याचीच मागतो. वर म्हणतो, तिसऱ्यांदा गाळलेली द्या, मागच्या वेळी थोडा वास होता, बायाबापड्यांच्या अंगाला लागतं चाचा. चाचा म्हणाला, तुझं नाक कुत्र्याचं आहे. दोघं हसले.

मला त्या हसण्याचा लय राग आला. वास लपवायचा म्हणून चांगली मागतो, दुसरं काय. चोर पायातल्या वहाणा काढून चालतो म्हणजे तो भला नाय होत.

जाताना मला म्हणाला, काय रे, नवीन का? कुठला? मी म्हणालो, पेठचा. खोटं. म्हणाला, त्या बाजूला टाचा लय फुटतात, माझं मलम तिकडं चांगलं जातं. आणि गेला.

२२ डिसेंबर

रमजान सुरू झाला. चाचाला रोजा, दिवसभर तोंडात काही घालत नाय, थुंकी पण जपून. त्यामुळं चरबी जिभेवर ठेवता येत नाय. चाळीस वर्षं या महिन्यात त्याचा भाऊ चाखायचा, तो मागच्या साली वारला. आज चाचानं मला बोलावलं आणि म्हणाला, महिनाभर तुझी जीभ माझी.

ठेवली जिभेवर. घरच्या ढवळ्या बैलाचं तोंड डोळ्यापुढं आलं. पण चव अशी काहीच नाय, गुळगुळीत, जरा मिठाची. सांगितलं, मीठ आहे. चाचानं परत पाणी घालायला लावलं. माझ्या शब्दावर. मला कधी कुणी असं विचारून काम केलेलं नाय.

मग दिवसभर एकच विचार. आता कढई आणि शेखरचा डबा यांच्यामध्ये फक्त माझी जीभ आहे.

३ जानेवारी १९९९

हात भाजला. झारा सटकला आणि गरम चरबी उजव्या हातावर सांडली. मी सवयीनं बाहेर धावलो, शेजारच्या गोठ्याकडं. चाचानं मागून मानगूट धरली आणि म्हणाला, कुठं निघाला? हात हौदात बुडवून ठेवला लय वेळ. मी म्हणालो, तुमचीच चरबी लावा ना वर, एवढी चांगली आहे तर. म्हणाला, भाजल्यावर नाय लावायची मूर्खा, ती आतली गरमी आतच कोंडते. फुटलेल्या कातड्याला वेगळं, भाजलेल्याला वेगळं.

मग दवाखान्यात घेऊन गेला. सरिता सिस्टरनं सुई टोचली. मी म्हणालो, कशाची? म्हणाली, धनुर्वाताची. गोठ्याकडं धावत होतास ना, चाचा सांगत होते. शेण थापायला? मग म्हणाली, धनुर्वात येतो कुठून माहिती आहे का? शेणातून, मातीतून. जखमेवर शेण थापतात आणि मग आठ-दहा दिवसांनी दातखीळ बसली की आमच्याकडं आणतात.

मी म्हणालो, चरबीनं पण होतो. म्हणाली, गाळून उकळलेल्या चरबीत तो किडा कुठून राहील?

ती शिकलेली आहे म्हणून तिला सगळंच कळतं असं नाय.

४ जानेवारी

झोप नाय.

शेण मी थापलं होतं. गार लागतं म्हणून. ताजं, मालकाच्या गोठ्यातलं, दोन्ही हातांनी. आजी तसंच करायची, आई तसंच करते. मैना म्हणाली होती, दादा, आता बरं वाटतंय.

आईला हे सांगितलेलं नाय.

५ जानेवारी

पण सुई नको म्हणाला तो. मी विचारलं होतं. जीप उभी होती. शेण मी थापलं ते खरं, पण चौथ्या दिवशी सुई मिळाली असती तर? त्यानं तोंडानं मारली. मलमानं नाय, तोंडानं. हे तर जास्तच वाईट.

आता कुणी काही सांगितलं तरी मी ऐकणार नाय.

९ जानेवारी

केलं.

पिंपं धुवायचा कास्टिक सोडा असतो. शेखरसाठी दोन डबे भरायचे होते. एकात गरम असतानाच ओंजळभर दाणे टाकले, लाकडानं ढवळलं, वर चांगल्या चरबीचा थर दिला. चाचानं विचारलं, चाखलीस? मी म्हणालो, चाखली, बरोबर आहे. त्यानं पुढं काही विचारलं नाय. झाकण लावलं, निळी कोर काढली.

दुपारी शेखर घेऊन गेला. सायकलवर बांधताना मी दोरीला हात दिला. म्हणाला, देव भलं करो. मी म्हणालो, तुमचं पण.

आता तो मलम करेल, बाजारात बसेल, कुणाच्या तरी अंगाला लावेल आणि कातडी सोलून निघेल. मग लोक त्याला धरतील. तेव्हा मी तिथं जाऊन सांगेन की कशाची चरबी आहे. दोन्ही एकदम. अकरा महिने वाट पाहिली त्याचं चीज होईल.

१२ जानेवारी

कुणाच्या तरी अंगाला. हे मी त्या दिवशी लिहिलं. कुणाच्या ते लिहिलं नाय.

त्याची गिऱ्हाइकं म्हणजे आमच्याच बाया. भात लावून लावून टाचा फुटलेल्या. आई पण बाजारातून कुठलं ना कुठलं मलम आणतेच.

आज जेवण गेलं नाय. चाचाला वाटलं मी रोजा धरला. खूश झाला.

१६ जानेवारी

सगळं एका दिवसात झालं. जमेल तसं लिहितो.

सकाळी शेखर आला, सायकल ढकलत, कारण उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं. डबा परत आणला होता. म्हणाला, चाचा, वितळवायला घेतलं तर साबणासारखा फेस आला. मला कळेना. थोडं मनगटावर चोळून बघितलं, तर हे बघा. फडकं सोडलं. आत कातडी नव्हती. म्हणाला, बरं झालं मी बघितलं, उद्या पेठच्या बाजारात जाणार होतो.

म्हणजे एकाही बाईला लागलं नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं आणि त्या हलकं वाटण्याचाच राग आला.

चाचानं डब्यात बोट घातलं, वास घेतला, तोंड पडलं त्याचं. माझ्याकडं बघितलंच नाय. शेखरला म्हणाला, गलती माझी. माझी जीभ महिनाभर बंद आहे, मी दुसऱ्यावर सोडलं. ईदपर्यंत कढई बंद ठेवतो. तुझ्या हाताचं काय ते मी बघतो.

कढई बंद म्हणजे सायझिंगवाले दुसरीकडं जाणार. चाळीस वर्षांची कोर पुसली जाणार. त्याला माहीत होतं कुणी केलं, तरी तो स्वतःच्या अंगावर घेत होता. माझ्याच्यानं बघवलं नाय.

मी म्हणालो, "सोडा मी टाकला. मुद्दाम."

शेखर म्हणाला, "का रे? मी तुझं काय खाल्लंय?"

मी सांगितलं. मैना, डावा पाय, वणी, जीप. सांगताना मी त्याचा दुखरा हात धरला होता, सोडला नाय. तो ओरडला पण नाय. सांगून झालं तेव्हा म्हणाला, "निळं लुगडं होतं. कडेला उभी होती, बसायला लाजत होती."

मी म्हणालो, "म्हणजे ध्यानात आहे तुझ्या."

म्हणाला, "दोनच आठवड्यांनी कळलं मला. चंद्रभागा बोलली की एक पोरगी गेली. त्या दिवसापासून मी वणीचं नाव टाकलं."

"सुई नको का म्हणालास?"

मग म्हणाला, "डॉक्टरकडे जा म्हटलं की माणूस मलम घेत नाय. सगळ्यांनाच तसं म्हणायचो. सवय झाली होती."

मारायला हात उचलला होता मी. तेवढ्यात तो म्हणाला, "पण भाऊ, पाय धुतला तेव्हा बोटांच्या बेचक्यात वाळलेलं शेण होतं. मी ते पुसून काढलं. कुणी थापलं होतं?"

चाचानं माझ्याकडं बघितलं. मी गोठ्याकडं धावलो होतो ते आठवून कुणी थापलं ते त्याला कळलं असावं.

हात खाली आला. पण सोडणार नव्हतो. मी म्हणालो, मारत नाय. तू सुरगाण्याच्या बाजारात बसायचं, माझ्या लोकांत. डबा उघडायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, ही बैलाची चरबी आहे, गाईचं तूप नाय. टाचेला, ओठाला, हाताला लावा, भाजल्यावर लावू नका, जखमेवर लावू नका, तिथं सुई घ्या. आणि सांगायचं की मी एका पोरीला सुई नको म्हणालो आणि ती मेली.

म्हणाला, हाडं मोडतील माझी.

मी म्हणालो, म्हणूनच.

चाचा म्हणाला, सांगेपर्यंत माझ्याकडून एक डबा मिळणार नाय. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आणि तू. माझ्या कढईत ज्यानं जहर टाकलं तो माझ्याकडं राहणार नाय. ईदला शीरखुर्मा पी आणि जा."

नंतर शेखरला सरिता सिस्टरकडं मीच घेऊन गेलो.

२१ जानेवारी

ईद झाली. शीरखुर्मा प्यायलो. चाचानं जाताना गुर्द्याच्या चरबीची एक डबी दिली, म्हणाला, तुझ्या आईच्या टाचांना. पाया पडलो तर पाय मागं घेतले. माफ केलं असं म्हणाला नाय.

७ फेब्रुवारी, सुरगाणा

आज बाजार होता. शेखर येणार नाय असं मला वाटत होतं. आला. मनगटावरची खपली अजून लाल आहे. मी समोर उभा राहिलो, दोन हातांवर. दगड उचलावा लागला नसता, लोकांनीच उचलले असते. लय दिवसांनी मला बरं वाटत होतं.

त्यानं घसा साफ केला आणि सांगितलं, ही बैलाची चरबी आहे.

बाया थांबल्या. मी वाट बघत होतो. आमच्याच पाड्यावरची रंगूबाई पुढं आली, डबी उचलली, वास घेतला.

"बैलाची हाय तं बैलाची. गाईचं तूप एवढ्या स्वस्तात देतो म्हणाला तवाच कळलं होतं आमाला. भेगा भरतात का न्हाय ते सांग."

मागून एक म्हातारा म्हणाला, जन्मभर बैलामागं राबलो, आता तो मेल्यावर तरी पायाला लागू दे. सगळे हसले. दोघं-चौघं थुंकून निघून गेले, बस. दगड कुणी उचलला नाय. तीन महिने मी जे हत्यार जपलं होतं ते त्यांनी हसून बाजूला ठेवलं.

मग शेखरनं पुढचं सांगितलं. भाजल्यावर लावू नका. सुई घ्या. आणि मैनाचं. नाव घेतलं नाय, पण सगळं सांगितलं, सवय झाली होती ते पण. आता कुणी हसलं नाय. एका माणसानं त्याची गचांडी धरली. रंगूबाई म्हणाली, अरे, ही तं भागीबाईची मैना. भागीबाई म्हणजे माझी आई.

हाच तो क्षण, ज्याची मी वाट बघत होतो. आता त्याला पडणार होती.

गचांडी धरलेली असतानाच त्यानं माझ्याकडं बघितलं. धमकी नव्हती त्याच्या डोळ्यांत. म्हणाला, "मी माझं बोललो भाऊ. शेणाचं कोण सांगणार? या समद्या बाया उद्या भाजल्या तर आधी तेच थापतील."

सगळे माझ्याकडं वळले.

गप्प बसलो असतो तर त्यांनी त्याला लोळवला असता. मी गप्प बसलो पण, दहा आकडे मोजता येतील एवढा वेळ. त्याला एक थप्पड पण बसली. ती मी बसू दिली.

मग म्हणालो, "शेण मी थापलं. धनुर्वात त्याच्यातून आला. हा सुई नको म्हणाला, पण शेण माझ्या हातचं होतं."

त्या माणसानं शेखरची गचांडी सोडली. माझी कुणी धरली नाय. धरली असती तर बरं झालं असतं. रंगूबाईनं माझ्याकडं असं बघितलं की मी कुणी नवाच माणूस आहे. तिनं पिशवी उचलली, मलम घेतलं नाय, आणि पाड्याकडच्या जीपमध्ये जाऊन बसली. बाकीच्या बाया पण तिच्या मागं गेल्या.

हे मी जीपच्या थांब्यावर बसून लिहितो. ती जीप गेली त्याला अर्धा तास झाला, आता घाट चढून पोचली असेल. रंगूबाई आधी स्वतःच्या घरी जाणार नाय, आमच्याकडं जाणार. आई अंगणात नागली पाखडत असेल. माझ्या आधी तिला कळेल, आणि उद्या सकाळी बोटं कुणाच्या नावानं मोडायची ते तिला ठरवावं लागेल.

मालेगावची एसटी समोर उभी आहे, तिथं मला काम नाय पण दुसरीकडं मिळेल. सुरतला पण मिळेल. शेखर पलीकडं बसून डबे भरतोय, एका हातानं. त्याचा एक गाल सुजलाय. मला वाटलं होतं ते बघून पोट भरेल. नाय भरलं.

पाड्याकडं जाणारी दुसरी जीप भरत आली आहे. ड्रायव्हर ओरडतोय, एकच शीट बाकी, बसनारा कोण हाय का?

मी हात वर केला.